मावशीची ओवी आणि फॉर्म चौदा

स्वतः लिहिलेली आणि स्वतःच चाली लावलेली पाच मराठी गाणी रेकॉर्ड करणं, त्यांची कॉपीराइट नोंदणी करणं आणि ती रीतसर प्रसिद्ध करणं, या सगळ्याला मला दोन वर्षांच्या वर लागली. सुरुवात केली तेव्हा विचारायला कुणी नव्हतं. गाणारे-वाजवणारे ओळखीचे होते, पण कागदपत्रांचा विषय काढला की जो तो म्हणायचा, "ते कंपनीवाले बघतात." माझ्या मागे कुठली कंपनी नव्हती. मी ठाण्यात वर्तकनगरला राहते, एका खासगी कंपनीत हिशेब सांभाळते आणि सुट्टीच्या दिवशी गिटार घेऊन बसते. ज्यांच्याकडे गाणी तयार आहेत, पण अर्ज, करार, हक्क हे शब्द ऐकूनच धास्ती वाटते, त्यांच्यासाठी जसं घडलं तसं लिहिते आहे.

आधी गाण्यांबद्दल थोडं. माझी गाणी रूट्स-रॉक या प्रकारात मोडतात. अमेरिकेतलं लोकसंगीत, कंट्री आणि ब्लूज यांच्या मुळांकडे परत गेलेला हा रॉक. वाद्यं मोजकी, आवाज उघडा, आणि विषय बहुतेक वेळा शेत, नदी, रस्ता, कष्ट. १९८५ साली तिथले शेतकरी कर्जात बुडत होते, तेव्हा विली नेल्सन, नील यंग आणि जॉन मेलनकॅम्प यांनी मिळून 'फार्म एड' हा मदतीचा जलसा उभा केला. कॉलेजात असताना हे वाचलं तेव्हा मला या संगीताचा पत्ता खरा लागला. गिटार वाजवणारा माणूस पिकाच्या भावाबद्दल आणि जप्तीच्या नोटिशीबद्दल गातो, आणि ते रॉकच असतं. मग आपल्याकडच्या आवणीबद्दल, म्हणजे भाताची रोपं लावण्याबद्दल, का नाही गायचं?

माझं आजोळ मुरबाड तालुक्यात, टोकावड्याच्या बाजूला. लहानपणी दर पावसाळ्यात तिकडे जायचे. पाचपैकी दोन गाणी तिथली. एक शहापूर तालुक्याचं: भातसा, तानसा, वैतरणेचं पाणी मुंबईला जातं आणि त्याच तालुक्यातल्या पाड्यांवर उन्हाळ्यात टँकरची वाट बघतात, त्याबद्दलचं. एक ठाण्याच्या खाडीचं. आणि एक येऊरच्या पायथ्याचं, म्हणजे माझ्या खिडकीसमोरच्या डोंगराचं.

जुलै २०२३ मध्ये आवणीच्या दिवसांत मावशीकडे गेले. कल्याणपर्यंत लोकल, तिथून मुरबाडची एसटी, पुढे जीप. सोबत हातात मावेल एवढा रेकॉर्डर होता. त्यावर लावायला केसाळ टोपी मिळते, ती आवर्जून घ्या. ती नसेल तर मोकळ्या शेतात वाऱ्याशिवाय काही ऐकू येत नाही. २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ या चांगल्या दर्जावर रेकॉर्ड केलं, ते पुढे स्टुडिओत कामी येतं. एमपीथ्रीमध्ये केलेलं रेकॉर्डिंग नंतर कितीही सुधारायला घेतलं तरी त्यातला गेलेला आवाज परत येत नाही.

मावशी आणि शेजारच्या बायका वाकून रोपं लावत होत्या आणि गात होत्या. मी बांधावर बसले होते. मावशीच्या तोंडून ही ओवी आली:

आवणीच्या चिखलात रुतला गं पाय,
माझ्या लेकीवाणी रोप, त्याला दुसरी गं माय.

दाढीतून, म्हणजे रोपं वाढवायच्या वाफ्यातून, उपटलेलं रोप दुसऱ्या वावरात जातं आणि तिथे धरतं. मावशीला तीन मुली, तिघी सासरी. मी त्या दिवशी काही बोलले नाही. रात्री पडवीत गिटारवर तीच ओळ धरून बसले आणि त्याच आठवड्यात गाणं झालं. ओवी धृपद म्हणून तशीच ठेवली, तीन कडवी माझी.

नोव्हेंबरात भाताच्या झोडणीच्या वेळी पुन्हा गेले. तेव्हा भलरी, म्हणजे शेतात काम करताना मिळून गायचं गाणं, मिळाली, आणि सूप मिळालं. सुपाबद्दल सविस्तर सांगते, कारण पुढे अख्खा ठेका त्यावर उभा राहिला. मावशी खळ्यावर नाचणी पाखडत होती. दाणे वर उडतात तेव्हा एक बारीक सर्र आवाज येतो, खाली पडतात तेव्हा दाट. तीन झटके झाले की ती सुपाच्या कडेवर बोटांनी एक टिचकी मारते, कोंडा पुढे सरकावा म्हणून. तीन आणि एक, तीन आणि एक, न चुकता. मी रेकॉर्डर सुपापासून वीतभर लांब, पण जरा बाजूला धरला, समोर धरला की कोंडा उडून माइकवर बसतो. कोंडा संपत आला की तिची लय हळूहळू मंदावते, कारण आता ती खडे शोधत असते. स्टुडिओत माझ्या ड्रमरने हे ऐकलं आणि म्हणाला, "हे मी वाजवणार नाही, मी याच्या मागून जाणार." त्याने ब्रश घेतले आणि सुपाच्या लयीला धरून वाजवलं. गाण्याच्या शेवटी जो वेग उतरतो, तो मावशीच्या खडे वेचण्याचा आहे.

येऊरच्या गाण्यात तांबट पक्षी आहे. फेब्रुवारी-मार्चमध्ये पहाटे त्याचं टुक-टुक सुरू होतं आणि मिनिटाला एकशे दहाच्या आसपास, घड्याळ लावल्यागत चालू राहतं. गाण्याची गती मी त्यावरच बांधली. हे रेकॉर्डिंग वस्तीच्या कडेला, रस्त्यावर उभं राहून केलं, पहिल्या रिक्षा सुरू व्हायच्या आधी. येऊर हा संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे. पक्ष्यांना फोनवरून त्यांचाच आवाज ऐकवून बोलावणारे लोक मी पाहिले आहेत. विणीच्या हंगामात तो पक्षी प्रतिस्पर्धी आला समजून सैरभैर होतो. कृपया ते करू नका. थांबलं की तो आपणहून बोलतो.

२०२४ चे पहिले काही महिने स्टुडिओत गेले. वागळे इस्टेटमधल्या एका गाळ्यात छोटा स्टुडिओ आहे, तासाला नऊशे रुपये. शनिवार-रविवारची वेळ महिनाभर आधी धरावी लागते. पैसे वाचवायचा उपाय एकच: तालीम स्टुडिओत करू नका. आम्ही ड्रमरच्या घरी कळव्याला, गाद्या भिंतीला लावून तालीम करायचो आणि गाणं अंगात मुरलं की मगच वेळ घ्यायचो. अकूस्टिक गिटार आणि आवाज मी एकत्रच दिला, वेगवेगळा दिला की माझा श्वास आणि हात यांची गाठ सुटते. हार्मोनिकाही मीच. बास ऐरोलीच्या एका मुलाने वाजवला. मिक्सिंग आणि मास्टरिंग वेगळ्या माणसाकडून, गाण्यामागे सहा हजार. सगळं धरून एक लाखाच्या थोडं वर गेलं. त्यातले बरेचसे पतपेढीत दर महिन्याला टाकलेले पैसे होते.

इथे एक त्रास झाला, तो सांगायलाच हवा. आधीच्या एका स्टुडिओत मी एक गाणं करून पाहिलं होतं. पैसे पूर्ण दिल्यावरही त्यांनी प्रत्येक वाद्याची सुटी फाइल द्यायला नकार दिला. म्हणाले, तुम्हाला फक्त शेवटचं गाणं मिळतं. तोंडी ठरलं होतं, कागद नव्हता. ते रेकॉर्डिंग तिथेच राहिलं आणि गाणं मी वागळे इस्टेटला नव्याने केलं. आपल्या कायद्यात ध्वनिमुद्रणाचा कर्ता म्हणजे निर्माता, आणि स्वतःच्या खर्चाने रेकॉर्डिंग करणारी मीच निर्माती होते. पण ते सिद्ध करायला काहीतरी लिहिलेलं लागतं. त्यानंतर मी प्रत्येक वादकाकडून आणि स्टुडिओकडून पानभर लिहून घेतलं: गाण्याचं नाव, तारीख, काय वाजवलं, किती पैसे मिळाले, सुट्या फायली कुणाला मिळणार, आणि हे वादन या गाण्यात वापरायला संमती आहे. मित्रांकडून सही घेताना संकोच वाटतो. माझ्या बासिस्टला उलट बरं वाटलं. त्याचं नाव कुठल्याही कागदावर येण्याची ती पहिलीच वेळ होती.

सप्टेंबर २०२४ मध्ये गाणी तयार झाली आणि मी कॉपीराइटचा अर्ज उघडला.

मूळ गोष्ट आधी. कॉपीराइट मिळण्यासाठी नोंदणी सक्तीची नाही. १९५७ च्या कायद्यानुसार गाणं रचलं त्या क्षणी हक्क तुमचा होतो. नोंदणी हा पुरावा आहे, उद्या वाद झाला तर कोर्टात प्रथमदर्शनी ग्राह्य धरला जाणारा. दुसरं म्हणजे, कायद्याच्या लेखी एका गाण्यात तीन वेगवेगळ्या कृती असतात. शब्द ही साहित्यकृती, चाल ही संगीतकृती आणि रेकॉर्ड केलेलं गाणं हे ध्वनिमुद्रण. प्रत्येकाचा अर्ज वेगळा. साहित्य आणि संगीतासाठी प्रत्येकी ५०० रुपये, ध्वनिमुद्रणासाठी २,०००. म्हणजे एका गाण्याचे पूर्ण ३,०००. मी पाचही गाण्यांचे शब्द आणि चाली नोंदवायच्या ठरवलं, त्याचे ५,००० झाले. ध्वनिमुद्रणाचे १०,००० तेव्हा नव्हते. कमी पैशांत एकच करायचं असेल तर माझं मत शब्द आणि चाल आधी. उद्या कुणी ते गाणं दुसऱ्या आवाजात करेल, तेव्हा तेच दोन हक्क कामी येतात.

अर्ज दिल्लीच्या कॉपीराइट कार्यालयाच्या संकेतस्थळावर ऑनलाइन भरता येतो. त्याचं नाव फॉर्म १४. त्याला दोन तक्ते जोडलेले असतात. पहिल्यात नाव, पत्ता, राष्ट्रीयत्व, भाषा, प्रसिद्ध झालं आहे की नाही असे प्रश्न. ते सरळ आहेत. मी गाणी प्रसिद्ध करायच्या आधीच अर्ज केला, त्यामुळे प्रकाशनाचे रकाने सोपे झाले. तुम्हालाही हाच क्रम सुचवेन.

माझं घोडं अडलं दुसऱ्या तक्त्यावर. तिथे विचारलं आहे: ही कृती मूळ आहे का? सार्वजनिक मालकीच्या कृतीचा अनुवाद आहे का? हक्क शाबूत असलेल्या कृतीचा अनुवाद आहे का? सार्वजनिक मालकीच्या कृतीचं रूपांतर आहे का? हक्क शाबूत असलेल्या कृतीचं रूपांतर आहे का?

खाडी, येऊर आणि टँकर ही तीन गाणी पूर्ण माझी. तिथे 'मूळ'. भलरी सगळ्या गावाची, कुणी रचली हे कुणालाच माहीत नाही. तिच्यावर मी कडवी बांधली, म्हणून सार्वजनिक मालकीच्या कृतीचं रूपांतर. इथपर्यंत ठीक. पण आवणीचं गाणं?

गाणं करणाऱ्या ओळखीच्या लोकांनी सांगितलं, ओव्या पारंपरिकच असतात, 'पारंपरिक' लिही आणि मोकळी हो. मला ते लिहवेना. मी मावशीला फोन केला.

"मावशी, ती आवणीची ओवी कुणाची गं?"

"कुणाची म्हंजे?"

"म्हणजे तू कुणाकडून ऐकलीस?"

ती जरा थांबली. "पहिली ओळ आमच्या आयची. ती पण तिच्या आयकडनं शिकली आसंल. दुसरी माझी. तुझ्या ताईचं लगीन झालं ना, त्या वरसाला आवणीत सुचली. का गं बाय?"

इतकी वर्षं ती ओवी गावात गायली जाते आहे, आणि अर्धी ओवी एका जिवंत बाईची आहे, हे घरात कुणाला माहीत नव्हतं. कुणी विचारलंच नव्हतं. लोकगीत म्हटलं की रचणारीचं नाव गळून पडतं आणि ते गळणं आपण फार सहज मान्य करतो. मला वाटतं, गावाकडच्या गाण्यांवर प्रेम करणाऱ्या आपल्यासारख्यांनी 'पारंपरिक' लिहिण्याआधी एक फोन तरी करावा. खरंच पारंपरिक असेल तर ते समोरची बाईच सांगते, जसं मावशीने पहिल्या ओळीबद्दल सांगितलं.

मी एका वकीलबाईंना भेटले. तासाभराच्या सल्ल्याचे त्यांनी दोन हजार घेतले आणि ते पैसे सार्थकी लागले. त्या म्हणाल्या, "गीतकार म्हणून दोघींची नावं द्या. पहिली ओळ पारंपरिक आहे हे पत्रात नमूद करा. आणि हिस्सा आत्ताच कागदावर ठरवा. पैसा येण्याआधी ठरवलेला हिस्सा भांडण आणत नाही." मी शब्दांच्या मिळकतीत निम्मा हिस्सा मावशीचा ठेवला. वकीलबाईंनी विचारलं, तीन कडवी तुमची आणि एक ओळ त्यांची, निम्मा कशाला? कारण लोक ती ओळच गुणगुणतात. त्या ओळीशिवाय माझी कडवी उभीच राहत नाहीत.

हक्क गीतकाराच्या हयातीत आणि मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो. त्यामुळे करारात मावशीच्या पश्चात कोण, हेही लिहावं लागलं. तिने तिन्ही मुलींची नावं सांगितली. मुलाचं का नाही, असं मी विचारलं. "त्याला वावर हाये," म्हणाली.

करार नोव्हेंबर २०२४ मध्ये झाला. आदल्याच महिन्यात आपल्याकडे १०० रुपयांच्या मुद्रांकाऐवजी ५०० चा लागू झाला होता, तेव्हा तेवढे पैसे धरून ठेवा. ठाण्यात कोर्टनाक्याला मुद्रांक विक्रेते आणि नोटरी दोन्ही जवळजवळ आहेत. दुपारच्या जेवणाची वेळ टाळून सकाळी जा, आधारची मूळ प्रत न्या. मावशी दिवाळीनंतर चार दिवस माझ्याकडे राहायला आली होती, तेव्हाच हे उरकलं. तिला करार मराठीत वाचून दाखवला. इंग्रजी करारावर गावाकडच्या माणसाची सही घेऊ नका. मराठीत करार पूर्ण वैध असतो. तिने प्रौढ वर्गात शिकलेली सही संथपणे, एकेक अक्षर काढत केली. शेवटचं अक्षर झाल्यावर पेन उचलून पुन्हा एकदा पूर्ण नावावरून नजर फिरवली.

डिसेंबरात अर्ज भरले. लागलेल्या गोष्टी: शब्दांची टाइप केलेली प्रत, चालीसाठी स्वरलिपी, सह्यांचे स्कॅन आणि आवणीच्या गाण्यासाठी मावशीचं ना-हरकत पत्र. स्वरलिपी मी सरगममध्ये लिहिली आणि वर गिटारच्या कॉर्ड दिल्या. पैसे भरले की लगेच डायरी नंबर मिळतो. पुढे सगळी चौकशी त्याच नंबरावर होते, म्हणून मी दहाही नंबर गाण्याच्या नावासकट एका कागदावर लिहून कपाटाच्या दाराला आतून चिकटवले.

त्यानंतर ३० दिवस नुसते थांबायचे असतात. कुणाला हरकत घ्यायची असेल तर ती या काळात घेता येते. मग अर्ज तपासणीला जातो. हा काळ अवघड गेला. रोज रात्री जेवण झाल्यावर स्थिती बघायची, तीच ओळ दिसायची. आपण काही चुकीचं केलं का, कुणी हरकत घेतली का, असं मनात यायचं. कुणी घेतली नव्हती. हळूहळू आठवड्यातून एकदा बघायची सवय लावून घेतली.

एप्रिल २०२५ मध्ये आवणीच्या गाण्याच्या शब्दांवर त्रुटीचं पत्र आलं. मावशीचं नाव ना-हरकत पत्रात आणि आधारवर एका अक्षराने वेगळं होतं. रेशनकार्डावर एक, आधारवर दुसरं, हे गावाकडे घरोघरी असतं. पत्र आलं म्हणजे अर्ज फेटाळला असं मुळीच नाही. उत्तराची मुदत पत्रातच दिलेली असते, तेवढी पाळायची. दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं प्रतिज्ञापत्र आणि सुधारित ना-हरकत पत्र पाठवलं, काम झालं. सगळ्या कागदांवर आधारवरचंच नाव अक्षर न अक्षर तसंच वापरा, म्हणजे हा फेरा वाचेल.

दरम्यान प्रसिद्धीची तयारी. गाणी स्पॉटिफायसारख्या सगळ्या ऐकायच्या ॲपवर पोचवणारे वितरक असतात, वर्षाला काही पैसे घेतात. प्रत्येक रेकॉर्डिंगला १२ अक्षर-अंकांचा आयएसआरसी नंबर, म्हणजे त्या रेकॉर्डिंगची ओळख, लागतो, तो त्यांच्याकडूनच मिळतो. मुखपृष्ठ ३,००० बाय ३,००० पिक्सेल. वितरकाच्या अर्जात गीतकार आणि संगीतकार यांची पूर्ण नावं मागतात. तिथे घाईत फक्त गायकाचं नाव टाकून पुढे जाणारे पुष्कळ असतात. आवणीच्या गाण्याला मी दोन गीतकार टाकले. भाषेत 'मराठी' निवडायला विसरू नका, नाहीतर गाणं हिंदीच्या यादीत जाऊन पडतं. स्पॉटिफायच्या संपादकांना गाणं सुचवायचं असेल तर तारखेच्या किमान सात दिवस आधी सुचवावं लागतं. मी महिनाभर आधी सगळं चढवून ठेवलं आणि जूनच्या पहिल्या पावसाच्या सुमारास गाणी प्रसिद्ध झाली.

पैशांची अपेक्षा किती ठेवावी, हे स्पष्ट सांगते. स्पॉटिफायवर मागच्या बारा महिन्यांत एखादं गाणं किमान १,००० वेळा ऐकलं गेलं तरच त्याचे पैसे धरले जातात. माझ्या पाचपैकी आवणीचं आणि टँकरचं, ही दोनच गाणी त्यापुढे गेली आहेत. मिळकत एका वेळच्या स्टुडिओभाड्याइतकीही नाही. तरी टँकरचं गाणं शहापूरच्या एका शाळेतल्या मुलांनी पाठ केलं आणि त्यांच्या शिक्षकांनी मला आवाज पाठवला. ती मुलं माझ्यापेक्षा चांगल्या लयीत गातात.

प्रमाणपत्रं जुलै-ऑगस्टमध्ये एकेक करून आली. डिसेंबर ते ऑगस्ट, एवढा काळ मनात धरून चाला.

शेवटचा टप्पा आयपीआरएसचा. इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी ही १९६९ साली स्थापन झालेली, गीतकार, संगीतकार आणि प्रकाशकांची संस्था. रेडिओ, टीव्ही, हॉटेल, जाहीर कार्यक्रम, ॲप अशा ठिकाणी गाणं वाजलं की त्यातला शब्द आणि चालीचा मोबदला ती गोळा करून सदस्यांना वाटते. २०१२ च्या कायदादुरुस्तीने गीतकार-संगीतकारांचा हा मोबदल्याचा हक्क पक्का केला. हक्क विकले तरी तो वाटा उरतो. कुणी करारात "सर्व मोबदला सोडून देत आहे" असं लिहून आणलं तर सही करण्याआधी वकिलाला दाखवा.

सदस्य व्हायला पॅन, आधार, रद्द केलेला धनादेश आणि प्रसिद्ध झालेल्या गाण्याचा तपशील लागतो. मला जड गेलं नाही. मावशीचं मात्र पॅनच नव्हतं. आधारला मोबाइल जोडलेला असेल तर आयकर विभागाच्या संकेतस्थळावर ई-पॅन लगेच आणि फुकट मिळतं. तिचा जोडलेला नंबर कधीच बंद पडलेला. म्हणून आधी मुरबाडला आधार केंद्रावर जाऊन नंबर बदलला, तेव्हा ५० रुपये लागले. अंगठ्याचे ठसे उमटेनात. आयुष्यभर चिखलात आणि चुलीत घातलेली बोटं, रेषा झिजलेल्या. केंद्रावरच्या मुलाने हात कोमट पाण्याने धुवून, कोरडे पुसून पुन्हा लावायला सांगितलं, आणि मग डाव्या हाताचे ठसे लागले. कुणाला वयस्क माणसाला घेऊन जायचं असेल तर हे लक्षात ठेवा, आणि बाजाराच्या दिवशी जाऊ नका, गर्दी असते.

नंबर जोडला गेल्यावर पॅन निघालं, आणि मावशीचा आयपीआरएसचा अर्ज गेला. व्यवसायाच्या रकान्यात काय लिहू म्हणून मी विचारलं. ती म्हणाली, "शेती लिही. आन पुढं गानं पन लिही."

सध्या माझं सदस्यत्व झालं आहे, तिचं तपासणीत आहे. ध्वनिमुद्रणाच्या नोंदणीसाठी पतपेढीत पुन्हा पैसे टाकते आहे. आणि मुरबाडला नवंच काम उभं राहिलं आहे. मावशीच्या नावाचा कागद बघून शेजारच्या बायकांनी आपापल्या ओव्या सांगायला सुरुवात केली: ही माझी, ती सासूची, ती कुणाची ते ठाऊक नाही. पुढच्या गाण्यांच्या वहीत मी प्रत्येक ओळीपुढे आता तेच लिहिते, चाल सुचायच्याही आधी. त्यातली एक ओवी तिघींनी मिळून, एका दुपारी भात कांडताना जुळवलेली निघाली आणि त्यांतली एक आज हयात नाही. तिचा हिस्सा कुणाच्या नावे लिहायचा, हे विचारायला पुढच्या शनिवारी वकीलबाईंची वेळ घेतली आहे. या वेळी मावशीही सोबत येणार आहे.